रजा, खाडा आणि हवापालट

काम न करण्याला आपल्या भाषेत तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. सुट्टी सर्वांना मिळून असते. रविवारची, दिवाळीची, झेंडावंदनाची. रजा एकट्याची असते. ती मागावी लागते, मंजूर व्हावी लागते, आणि मंजूर झाली की त्या दिवसाचा पगार चालू राहतो. खाडा म्हणजे ज्या दिवशी माणूस कामावर गेला नाही आणि त्या दिवसाचे पैसे कापले गेले तो दिवस. रजा घेणारा आणि खाडा करणारा, दोघेही त्या दिवशी घरीच असतात. फरक दिसतो तो महिनाअखेरीस.

याखेरीज आणखी एक जुना शब्द आहे, 'हवापालट'. पूर्वी मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर तो सांगत. मग कोणी महाबळेश्वर-पाचगणीस जाई, कोणी समुद्रकाठी एखाद्या ओळखीच्या घरी महिना-दोन महिने राही. हल्ली आजार नसतानाही हवापालट करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. २०२० साली करोनाच्या साथीत कचेऱ्या बंद झाल्या, कामे घरून सुरू झाली, आणि घरूनच करायचे तर ते घर पुण्यात कशाला हवे, असा प्रश्न अनेकांना पडला. तेव्हापासून पुण्यामुंबईतील माणसे लॅपटॉप पिशवीत घालून गोव्यात, मालवणात, दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैस एकेक, दोन-दोन महिने मुक्काम टाकू लागली आहेत. आमच्या वर्गातही 'नोकरी लागली की तीन वर्षे राबायचे आणि मग सहा महिने गोव्यात राहायचे' असा बेत कानावर येतो. बेत वाईट नाही. पण असा मुक्काम कोणाच्या जिवावर घडतो, त्याचा हिशेब कसा बसतो, आणि ज्या गावी आपण जाणार तेथे त्या दिवसांत काय चालते, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम कायद्याचा हिशेब पाहू. आठवड्यातून एक दिवस कामाला विराम, ही गोष्ट आज आपल्याला पावसापाण्यासारखी स्वाभाविक वाटते. पण ती मागून आणि भांडून मिळालेली आहे. महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, मोठमोठ्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि अखेर १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तो तरी आमचा आम्हांला द्या, असे त्यांनी मांडल्याचे सांगितले जाते. त्याआधी गिरणीत आठवडा नव्हताच. नुसते दिवस होते. आपल्या शेतकऱ्याने बैलालासुद्धा वर्षात एक दिवस राखून ठेवला आहे. बेंदराला किंवा पोळ्याला त्याच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत, उलट खांदे मळून देतात. गिरणीतल्या माणसाचे खांदे मळण्याची सोय कोणाच्या पंचांगात नव्हती.

भरपगारी रजा त्याच्याही नंतरची. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केले आणि नव्या सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. रेल्वेने सवलतीची तिकिटे काढली, आणि जन्मात समुद्र न पाहिलेली हजारो कुटुंबे त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर पोहोचली. समुद्रकाठची सुट्टी ही तोवर श्रीमंतांची चीज होती. आज तेथे ही रजा पाच आठवड्यांची आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने नियम घातला, तो असा: वर्षात निदान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला पुढील वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतील एकीने ही २४० दिवसांची अट १८० वर आणली. विसास एक हे प्रमाण मात्र तेच राहिले. आता हिशेब करून पाहा. वर्षाचे तीनशे दिवस भरले तर पंधरा दिवसांची रजा. न घेता साठवली तर पुढल्या वर्षात नेता येते, पण तीस दिवसांपर्यंतच. म्हणजे कारखान्यातला कामगार कितीही मन मारून राहिला तरी तीन महिन्यांचा हवापालट त्याच्या वहीत जमतच नाही. दुकाने व कचेऱ्या यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा वेगळा अधिनियम आहे. त्यातही विसास एक हेच प्रमाण. साठवण ४५ दिवसांपर्यंत आणि शिवाय आठ दिवस किरकोळ रजा. संगणक कंपन्यांतले नोकर बहुधा या कायद्याखाली येतात.

सरकारी नोकराचे बरे आहे. केंद्र सरकारच्या नोकराला वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते, १ जानेवारीस पंधरा आणि १ जुलैस पंधरा. ती तीनशे दिवसांपर्यंत साठते व एकावेळी १८० दिवसांपर्यंत घेता येते. प्रत्यक्षात ही रजा समुद्रकाठी फार थोडे लोक घालवतात. बहुतेक जण ती मुलीच्या लग्नासाठी, आईच्या आजारपणासाठी राखतात, आणि उरलेली निवृत्तीच्या वेळी रोख करून घेतात. रजा हा पैशाचाच एक प्रकार झाला की ती खर्च करवत नाही.

आमच्या प्राध्यापकवर्गासाठी आणखी एक तरतूद आहे. इंग्रजीत तिला 'सबॅटिकल' म्हणतात. ठरावीक वर्षे सेवा झालेल्या अध्यापकाला अभ्यासासाठी, लेखनासाठी एक वर्षापर्यंत मोकळीक मिळू शकते. शब्द मूळचा ज्यूंच्या धर्मशास्त्रातला. सहा वर्षे जमीन पिकवावी आणि सातव्या वर्षी ती मोकळी सोडावी, असा तो नियम. आपल्याकडचे शेतकरी याला 'रान पड टाकणे' म्हणतात. पड टाकलेले रान रिकामे दिसते, पण त्याचा कस भरून येत असतो. मात्र पड टाकायची तर दुसरे रान असावे लागते. ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याला ते दरसाल पेरावेच लागते.

हे सारे ज्यांचे नाव हजेरीपटावर आहे त्यांचे झाले. ज्यांचे नाही त्यांचा शब्द खाडा. माझी आई कोथरूड भागात चार घरी धुणेभांडी व पोळ्या करते. तिच्या तोंडी मी 'रजा' हा शब्द ऐकलेला नाही. 'या महिन्यात तीन खाडे झाले' असेच ती म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिच्या चारांपैकी एका घरचे जोडपे जानेवारीपासून तीन महिने गोव्यास राहायला गेले. काम तेथूनच करणार होते. घर बंद, म्हणून पोळ्या बंद. पहिल्या महिन्याचा अर्धा पगार त्यांनी दिला आणि 'आम्ही आलो की फोन करू' म्हणाले. माणसे वाईट नाहीत. परतल्यावर काजू घेऊन आली. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचा हवापालट हा माझ्या आईचा तीन महिन्यांचा खाडा झाला. ती मोकळी होती म्हणावे तर मोकळीही नव्हती. उरलेली तीन घरे होतीच, आणि चौथे घर नवे धरले तर जुने परत आल्यावर ते हातचे जायचे. लांबच्या रजेचा हा भाग कोणाच्या ध्यानात येत नाही. कचेरीतला माणूस महिनाभर नसला तर त्याचे काम दुसरा करतो. घरातले बिऱ्हाड महिनाभर नसले तर पोळीवाली, इस्त्रीवाला, दूधवाला यांची कामेच नाहीशी होतात.

याच पुणे शहरात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, आणि भरपगारी रजा ही त्यांच्या मागण्यांतली एक मागणी होती. त्यातून 'पुणे शहर मोलकरीण संघटना' उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याने नोंदणी आली, काही साहाय्याच्या योजना आल्या. रजेचा हक्क काही आला नाही. संध्याकाळी मोटारसायकलवरून घरोघर जेवणाचे डबे पोहोचवणारे आमचे वर्गमित्र आहेत, त्यांचीही गत निराळी नाही. नव्या संहितांत त्यांना 'गिग कामगार' हे नाव मिळाले, सामाजिक सुरक्षेचा उल्लेख मिळाला. पण ज्या दिवशी गाडी काढली नाही त्या दिवशी मिळकत शून्य.

आता समुद्राकडे वळू. कोकणाला लांबच्या रजेची ओळख पर्यटकांनी करून दिलेली नाही. तिथे चाकरमानी दीडशे वर्षे येतो आहे. चाकरमानी म्हणजे मुंबईस नोकरी करणारा कोकणातला माणूस. शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीला तो गावी येतो. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने येई, मग एस.टी.ने, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून रेल्वेने. गिरण्या चालू होत्या तेव्हा लावणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत कामगार महिना-महिना गावी राहत, आणि त्यांच्या जागी 'बदली' कामगार उभे केले जात. बदलीवाला रोज सकाळी गिरणीच्या दारात येऊन थांबे. कोणी गावी गेला असेल तरच त्याला काम. म्हणजे एकाची रजा हीच दुसऱ्याची रोजी. माझ्या आईच्या उदाहरणाच्या अगदी उलट!

आणि कोकणच्या किनाऱ्याने पाहिलेला सर्वांत मोठा 'कामातला खंड' कोणी मागून घेतलेला नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मुंबईत खोलीचे भाडे आणि किराणा परवडेना, तसे हजारो जण गावी गेले. कोणी घाटावर, कोणी तळकोकणात. पावसाळ्यापर्यंत मिटेल म्हणून गेले, गणपतीपर्यंत मिटेल म्हणून राहिले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. समुद्र समोर होता, माड होते, मासळी होती, आणि त्या माणसांना यांतल्या कशाचाही उपभोग घेता आला असेल असे मला वाटत नाही. निसर्गसौंदर्य पाहायला महिन्याची खात्री लागते.

चाकरमान्याचा आणि आजच्या पाहुण्याचा अर्थव्यवहार मात्र आतून एकच आहे: पैसा एका गावी मिळवायचा आणि दुसऱ्या गावी खर्चायचा. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा मुलूख' म्हणत, ते याचसाठी. गोव्यात साठ-सत्तरच्या दशकांत जे हिप्पी आले त्यांचेही गणित हेच होते. १९६१ साली गोवा मुक्त झाला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि एका डॉलरला ४ रुपये ७६ पैशांऐवजी साडेसात रुपये मिळू लागले. युरोप-अमेरिकेत काही महिने काम करून साठवलेल्या पैशावर हणजुणे-कळंगुटच्या किनाऱ्यावर अख्खा हिवाळा काढता येई. लोक त्यांच्या केसांविषयी आणि गांजाविषयी बोलतात. पण हा विनिमयदर नसता तर केस वाढवायला ते इतक्या लांब आले नसते. १९८७ पासून युरोपातून थेट गोव्यास चार्टर विमाने येऊ लागली आणि राहण्याचा काळ उलट आखडला. सहा महिने राहणाऱ्याच्या जागी पंधरा दिवसांचा पाहुणा आला. आता लॅपटॉपवाला आला आहे. तो पुन्हा दोन-तीन महिने राहतो; पगार पुण्या-बंगळूरचा आणि भाडे आसगावचे किंवा मोरजीचे. त्याच्यामुळे तिथली भाडी चढली आणि गावातल्याच माणसाला गावात खोली मिळेनाशी झाली, अशी तक्रार गोव्यातले लोक करतात, आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे.

या मंडळींना 'रजेवर गेले' म्हणणेही चुकीचे आहे. रजेत काम थांबते. इथे काम बरोबर येते. बदलते ती फक्त खिडकी. बाहेर माड, आत तीच बैठक आणि तोच साहेब. ज्यांनी खरोखर नोकरी सोडून किंवा बिनपगारी रजा घेऊन मुक्काम टाकला असे थोडेच. त्यांना भाड्यापेक्षा दुसऱ्याच खर्चाचा विचार आधी करावा लागतो: हप्ते, घरी पाठवायचे पैसे, आणि परतल्यावर नोकरी लागेपर्यंतचे महिने. परदेशी पाहुण्याला तर पर्यटक व्हिसावर इथे नोकरी करण्याची परवानगीच नसते.

पुणेकराला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे अलिबाग-मुरूड जंजिऱ्याचा आणि दापोलीकडचा. ताम्हिणी घाटाने उतरून दापोलीस जाता येते, एस.टी.ही जाते. इंग्रजांनी १८१८ नंतर तेथे लष्कराचे ठाणे वसवले, म्हणून जुनी माणसे 'कॅम्प दापोली' म्हणतात. खाली मुरूड, तेच महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. ज्या वाटेने आज आपण विश्रांतीसाठी उतरतो, त्याच सह्याद्रीतून कर्वे लहानपणी परीक्षेला बसण्यासाठी पायी साताऱ्यास गेले होते. आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही. मुरूडला आता घरोघरी राहण्याजेवणाची सोय आहे. पर्यटन महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेने अशा घरांना बरेच उत्तेजन मिळाले. दिवाळी, नाताळ आणि मे हे गर्दीचे दिवस. दीर्घ मुक्काम करणाऱ्याने ते टाळावेत, कारण तेव्हा मालकिणीला बोलायलाही सवड नसते. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

जवळच हर्णै बंदर. तिथे रेतीवरच मासळीचा लिलाव होतो. होड्यांतून आलेला माल बैलगाडीने किनाऱ्यावर आणतात. महिनाभर राहणाऱ्याने हा लिलाव एकदा पाहून फोटो काढून परतू नये, चार-पाच वेळा जावे. मग लक्षात येते की येथले घड्याळ निराळे आहे. भरतीची वेळ काढायला लोक तिथी पाहतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की स्थूल मानाने भरतीचा तास निघतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग. अशा गावात 'सोमवार ते शुक्रवार' या भाषेला फारसा अर्थ उरत नाही. पोहायला उतरणाऱ्याने तरी ओहोटीची वेळ विचारूनच उतरावे. दरवर्षी पुण्याची तरुण मुले या किनाऱ्यांवर बुडतात, ती बहुधा कोणाला न विचारता उतरलेली असतात.

या गावांची स्वतःचीही एक दीर्घ रजा आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा आहे. त्याच्या आधारे राज्य ही बंदी घालते. कारणे दोन. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि अनेक माशांच्या विणीचा हाच काळ असतो. पूर्वी कायदा नव्हता तरी कोळी नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत, तेव्हा मूळ रीत जुनीच आहे. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, जाळी सांधतात, घरात सुकट-सोडे काढतात. बोटमालकाला हा काळ डागडुजीचा. खलाशाचे तसे नाही. हर्णै, रत्नागिरी, गोवा येथल्या बोटींवर आता बाहेरचे खलाशी पुष्कळ आहेत, थेट नेपाळातलेसुद्धा. बोट वर आली की ते गावी जातात. ती रजा म्हणावी की खाडा, हे मालकाशी काय बोलणे झाले यावर आणि घेतलेली उचल किती फिटली यावर असते.

पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात म्हणून जुलैत जाण्याचा मोह होतो. जावे, पाऊस पाहावा. पण तेव्हा ताजी मासळी मिळाली नाही म्हणून खानावळवाल्याशी वाद घालू नये. वीज जाते, लॅपटॉप बंद पडतो, घाटात दरड कोसळली तर परतीचा दिवस पुढे ढकलावा लागतो. १ ऑगस्टला बंदी उठते, पण समुद्र निवळल्याशिवाय जाणती माणसे होडी काढीत नाहीत. तोवर बंदरात नुसते बसलेले पुष्कळ लोक दिसतात. त्यांच्याशेजारी आपणही बसलो तर ते आधी गाव विचारतात आणि मग, किती दिवसांची रजा काढून आलात, असे विचारतात.